हेकट म्हातारपण आणि कर्ती मुले

स्वभाव जुना की बदल नवा?

वय झाले की माणूस हेकट होतोच, असे सरसकट धरून चालल्यामुळे अनेक घरांत आजार वर्ष-वर्ष स्वभाव म्हणून खपून जातो. तिशीत तापट असलेले वडील पंचाहत्तरीतही तापट असतील, तर त्यावर औषध नाही. त्यांच्याशी वागायची रीत तेवढी बदलता येते. पण जन्मभर कोणाला उलटून न बोललेली आई सहा महिन्यांत सुनेला शिव्या देऊ लागली, किंवा हिशेबाला पक्के असलेले वडील एकच पावती तीनदा मागू लागले, तर तो बदल आहे आणि बदलाला कारण असते. त्यामुळे पहिला प्रश्न हा: हे कधीपासून सुरू झाले? त्याचे उत्तर घरातल्या दोन-तीन माणसांनी वेगवेगळे आठवून कागदावर लिहावे. एकट्याच्या आठवणीत राग मिसळलेला असतो.

वागण्यात बदल घडवणारी नेहमीची कारणे अशी:

- कान आणि डोळे. ऐकू कमी आले की घरातली माणसे आपल्याला चोरून बोलतात असे वाटू लागते. संशयाची निम्मी भांडणे इथून निघतात. मोतीबिंदूमुळे संध्याकाळी अंधुक दिसते आणि भीती वाढते.
- रक्तातील कमतरता. सोडियम, थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन. रक्तदाबासाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी सोडियम उतरते आणि माणूस असंबद्ध बोलतो.
- गोळ्या. झोपेच्या तसेच सर्दी-खाजेच्या काही गोळ्या उतारवयात डोके भ्रमित करतात. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या गोळ्यांचा डबा डॉक्टरांपुढे जसाच्या तसा ठेवावा.
- नैराश्य. म्हातारपणी ते रडण्यातून कमी आणि चिडचिड, अंगदुखी, जेवणावरचा राग यांतून जास्त दिसते. जोडीदार गेल्यानंतरचे वर्ष विशेष जपावे.
- स्मृतिभ्रंश. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीच्या अंदाजानुसार देशात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना तो आहे. सुरुवात विसरण्यापेक्षा संशयाने किंवा हट्टाने होऊ शकते.

एक प्रकार मात्र थांबू देत नाही. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस एकदम बरळू लागला, दिवस-रात्र ओळखेना, झोपाळला किंवा भलतेच दिसते म्हणू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, साखर उतरणे किंवा सोडियम घसरणे यांतले काही मागे असू शकते, आणि म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी ताप येईलच असे नाही. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवर्ष्याकडे घालवलेले दोन दिवस इथे जिवावर बेततात.

कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी परिसरातील कुटुंबांना पुढच्या तपासणीसाठी सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे दोन सरकारी पर्याय हाताशी आहेत. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मिळतात. सवड असतानाच ते काढून ठेवावे.

‘मला काय झालंय?’ म्हणणाऱ्यांना डॉक्टरांकडे कसे न्यावे

‘डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊ’ हे वाक्य घरात उच्चारूच नये. ‘अण्णा, दाब बघून येऊया’ एवढे पुरते. ते खोटेही नसते, कारण दाब बघितला जातोच. वागण्यातले बदल तारखांसह एका चिठ्ठीत लिहून ती आधीच डॉक्टरांकडे पोचवावी. म्हाताऱ्या माणसासमोर त्याच्या तक्रारींचा पाढा वाचला की पुढच्या वेळी तो गाडीत बसत नाही. टेली मानसच्या १४४१६ या फुकट क्रमांकावर नातेवाइकांनाही सल्ला विचारता येतो.

जबरदस्तीला कायद्याने मर्यादा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मानसिक उपचाराला रुग्णाची संमती लागते. संमतीशिवाय दाखल करणे फक्त स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, किंवा स्वतःची काळजी घेणेच अशक्य झाले असेल, तेव्हाच शक्य असते. तेही ठरलेल्या पद्धतीने आणि पहिल्या टप्प्यात ३० दिवसांपर्यंत. त्यासाठी अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधी करतो. हा प्रतिनिधी आईवडील शुद्धीत असताना साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमू शकतात. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते करून ठेवलेले घर क्वचितच सापडते.

उसाचे बिल, सोसायटी आणि सही

कृष्णाकाठच्या बागायती गावांत म्हाताऱ्या वडिलांशी होणारे भांडण बऱ्याचदा बोलण्यावरून सुरू होते आणि पैशावर जाऊन थांबते. सातबारा वडिलांच्या नावावर, विकास सोसायटीचे पीककर्ज त्यांच्या नावावर, कारखान्याचे सभासदत्व आणि उसाची नोंद त्यांच्याच नावावर. लागण, भरणी, तोडीच्या टोळीमागे धावणे हे सगळे मुलगा आणि सून करतात. बिल मात्र सोसायटीची वसुली होऊन वडिलांच्या खात्यावर जमा होते. पन्नाशीतला मुलगा खताच्या पोत्यासाठी वडिलांकडे हात पसरतो, आणि वडील प्रत्येक वेळी मागच्या पोत्याचा हिशेब विचारतात. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असते, म्हणून हे भांडण मिटत नाही.

वडिलांच्या बाजूने पाहिले तर ती सही हे त्यांचे शेवटचे वजन आहे. ते काढून घेतले की आपल्याला कोण विचारणार, ही भीती हट्टाच्या रूपात बाहेर येते. त्यामुळे एकदम ‘सगळे नावावर करून द्या’ हा प्रस्ताव सर्वात वाईट. त्याऐवजी टप्प्याने जावे:

1. वर्षाचा खर्च आणि बिल एका वहीत दोघांनी मिळून लिहावे. वही वडिलांच्या ताब्यात राहावी.
2. बिल आले की आधी शेतीखर्चाची रक्कम, मग घरखर्च, मग वडिलांची स्वतःची रक्कम, असा क्रम एकदाच ठरवावा. वडिलांच्या वाट्याच्या पैशाचा हिशेब कोणी विचारू नये. नातवाला दिले, देवाला दिले, पानतंबाखूत घातले, तो त्यांचा प्रश्न.
3. ज्या खात्यावर रोजचा खर्च चालतो ते संयुक्त करावे. ठेवी आणि पेन्शनचे खाते त्यांचे त्यांच्याकडे राहू द्यावे.

यात एक खाचखळगा आहे. अनेक मुले वडिलांकडून मुखत्यारपत्र करून घेतात आणि निर्धास्त होतात. साधे मुखत्यारपत्र ते देणाऱ्याचे मन शाबूत असेपर्यंतच टिकते. स्मृतिभ्रंश वाढून समज गेली की करार कायद्याप्रमाणे मुखत्याराचा अधिकार संपतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी कागद निकामी होतो. पुढे पालक म्हणून नेमणुकीसाठी न्यायालयात जावे लागते. निदान लवकर झाले, तर खाते, वारस नोंदी आणि मृत्युपत्राची कामे वडिलांच्या इच्छेने वेळेत होऊ शकतात.

शेतावर जाण्याचा हट्ट हाही याच मुळाचा. मोटारीला रात्रीची वीज आली की ७८ वर्षांचे वडील बॅटरी घेऊन पाणी पाजायला निघतात. अडवले तर तोल जातो, सोडले तर जीव टांगणीला. रात्रीचे काम तरुणाकडे आणि सकाळची फेरी, मजुरांची हजेरी, टोळीच्या मुकादमाशी बोलणे वडिलांकडे, अशी विभागणी बहुतेक घरांत चालून जाते. काम नावापुरते नको. त्यांनी मांडलेली हजेरी खरोखर धरली गेली पाहिजे.

चोरीचा आळ आणि गावभर तक्रार

आईची बोरमाळ दिसेनाशी होते. ती तिनेच शाळूच्या पोत्यात किंवा जुन्या लुगड्याच्या घडीत चिंध्यांत गुंडाळून ठेवलेली असते आणि ठेवल्याचे विसरलेली असते. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी होते की सुनेने डाग लांबवला. सून म्हणते, ‘आत्ती, मी कशाला घेऊ?’ आणि तिथून दोन तासांचा तंटा.

स्मृतिभ्रंशात पुरावा देऊन काही साधत नाही, कारण विसरलेली गोष्ट त्या माणसाच्या लेखी घडलेलीच नसते. ‘चला, दोघी मिळून शोधू’ म्हणावे, सापडली की ‘सापडली बघा’ एवढ्यावर थांबावे. ‘मी म्हटलं होतं ना’ टाळावे. लपवायच्या जागा बहुधा त्याच त्याच असतात, त्या लक्षात ठेवाव्यात. खऱ्या दागिन्यांचे फोटो काढून, वजनाची यादी करून, दोन भावंडांच्या देखत लॉकरमध्ये ठेवावेत आणि आईच्या हाताशी खोटी माळ राहू द्यावी. यादीवर सगळ्या भावंडांच्या सह्या घ्याव्यात. या यादीचा खरा उपयोग आई गेल्यानंतर होतो.

‘मला जेवाय देत न्हाईत’ हे शेजारी जाऊन सांगणे सर्वात झोंबते. जेवल्याचे आठवत नसेल तर तो आजार. आठवत असूनही सांगत असतील तर बहुतेक वेळा मागणे जेवणाचे नसते, कोणीतरी जवळ बसण्याचे असते. दोन्ही बाबतींत शेजाऱ्यांना एकदा शांतपणे परिस्थिती सांगून ठेवावी आणि पुढे खुलासे देत बसू नये.

दारू

रोज पिणाऱ्या वृद्ध वडिलांची दारू घरच्यांनी एका दिवसात तोडू नये. अनेक वर्षांची सवय अचानक थांबली तर पहिल्या काही दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, प्रसंगी मृत्यूही होतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. पिऊन मारहाण होत असेल तर ११२.

भावंडांची पाळी

दोन भाऊ वेगळे झाले की आईबापांचीही वाटणी होते: आई थोरल्याकडे, बाप धाकट्याकडे, किंवा दोघे महिना-महिना पाळीने. जमिनीसारखी माणसे वाटण्याची ही रीत सोयीची दिसते. चाळीस-पन्नास वर्षे एका चुलीवर जेवलेल्या जोडप्याला वेगळे केल्यानंतर दोघांचाही स्वभाव बिघडला, तर नवल वाटू नये. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला दर महिन्याला नवे घर म्हणजे दर महिन्याला नव्याने हरवणे. शक्य तिथे जागा एक ठेवावी आणि भार वाटावा.

भार वाटताना रोज करणारा आणि लांब राहणारा यांत फरक करावा लागतो. या पट्ट्यातील पुष्कळ मुले गलाईच्या धंद्यानिमित्त परराज्यांत, नाहीतर मुंबई-पुण्यात असतात. ती दिवाळीला चार दिवस येतात, आईचे रडणे ऐकतात आणि वहिनीला चार शब्द सुनावून परत जातात. याला उपाय म्हणजे एक साधी वही: जेवण, गोळ्या, दाब, साखर, रात्रीची झोप, झालेली भांडणे. आठवड्याला तिचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावा. त्यासोबत चार गोष्टी भावंडांत लेखी ठरवाव्यात:

- रोजचे निर्णय जो रोज करतो त्याचे. शस्त्रक्रिया, जागा बदलणे, जमिनीचा व्यवहार सर्वांच्या संमतीने.
- बाहेर असलेल्याने महिन्याची ठरलेली रक्कम बँकेतून पाठवावी, रोख नाही.
- वर्षातून किमान दोन वेळा, पंधरा-पंधरा दिवस, बाहेरच्या भावंडाने येऊन राहावे आणि घरच्या सुनेने सुटीवर जावे.
- लेकीही यात धरल्या जाव्यात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने त्यांना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. त्याआधीच, १९८७ साली, कल्याणमधील एका विवाहित डॉक्टर मुलीविरुद्ध वडिलांनी मागितलेल्या पोटगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांची जबाबदारी असल्याचे ठरवले.

सांभाळ केला म्हणून कायद्याने आपोआप जादा वाटा मिळत नाही. तसे द्यायचे असेल तर आईवडिलांनी स्वकष्टार्जित मालमत्तेबाबत मृत्युपत्रात लिहावे. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. वय जास्त असेल तर त्याच दिवसाचे, समज शाबूत असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे.

कायदा मुलांकडून काय मागतो

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी यांची जबाबदारी टाकतो. आज्ञेत राहणे, एकाच छपराखाली राहणे, शिव्या ऐकणे किंवा संसार मोडणे यांतले काहीही तो मागत नाही. वेगळ्या घरात राहूनही ही जबाबदारी पूर्ण पार पाडता येते.

- अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे होतो. पलूस तालुक्यासाठी ते कडेगावचे प्रांत कार्यालय.
- निर्वाह रक्कम महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. निकाल नोटिशीपासून ९० दिवसांत अपेक्षित, अपवादाने आणखी ३० दिवस.
- आदेशानंतरही रक्कम न दिल्यास वॉरंट आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आईवडिलांना वाऱ्यावर सोडून देणे हा वेगळा गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली दंडाधिकाऱ्यांकडेही पोटगी मागता येते, पण दोन्हीपैकी एकच वाट धरावी लागते.

सरकारी नोकरांना आणखी एक धाक असू शकतो. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापण्याचा ठराव केला आणि कपात सुरूही केली.

बक्षीसपत्राचा फास

सांभाळण्याच्या अटीवर आईवडिलांनी घर किंवा जमीन दिली आणि मुलाने सांभाळले नाही, तर याच २००७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार तो व्यवहार रद्द ठरवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अशी अट असणे आवश्यक मानले. जानेवारी २०२५ च्या निकालात हे कलम ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावे असे सांगून ताबा परत देण्याचे आदेश देता येतात, हेही मान्य केले. कुरकुऱ्या वडिलांना गोंजारून किंवा दमात घेऊन करून घेतलेले बक्षीसपत्र म्हणूनच मुलालाच महागात पडते. बक्षीसपत्र किंवा वाटणीपत्र करायचेच असेल तर सांभाळाची अट, राहण्याची खोली, महिन्याची रक्कम आणि दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे कागदात स्पष्ट लिहावे. पूर्वी वाटणीत म्हाताऱ्या जोडप्याच्या पोटगीपुरती जमीन बाजूला ठेवायची चाल होती. ती आजही या सगळ्या कलमांपेक्षा शहाणपणाची आहे.

मुलांचे आणि सुनेचे हक्क

वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात सज्ञान मुलाला त्यांच्या मर्जीशिवाय राहण्याचा हक्क नाही. वडिलोपार्जित मालमत्तेतील हिस्सा मात्र हेकटपणाने हिरावता येत नाही. सुनेची स्थिती वेगळी आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सामाईक घरात राहण्याचे संरक्षण आहे, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा आधार घेऊन ते परस्पर मोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले. छळ सासूकडून होत असेल तर तिच्याविरुद्धही तक्रार करता येते. तोच कायदा सासूलाही संरक्षण देतो, हे सुनांनी ध्यानात ठेवावे.

रोजचा अपमान असह्य झाला तर स्वयंपाक आणि झोप वेगळी करणे, मग शेजारी किंवा त्याच गल्लीत वेगळे घर, मग पगारी सोबतीण, आणि सर्वात शेवटी वृद्धाश्रम, असा क्रम ठेवावा. पगारी माणसाचे आधार कार्ड आणि पत्ता पोलीस ठाण्यात नोंदवून घ्यावा. वृद्धाश्रमात नेताना आईवडिलांची संमती घ्यावी. त्यांना फसवून सोडून येणे आणि नंतर न फिरकणे कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. उत्पन्न तुटपुंजे असेल तर पलूस तहसील कार्यालयात श्रावणबाळ योजनेसाठी विचारावे: वय ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, दरमहा १,५०० रुपये.

तक्रार झालीच तर

घरातला तंटा चारचौघांपुढे नेणे या मुलखाला नवे नाही. १९४३ ते १९४६ च्या प्रतिसरकारात कुंडल हे मोठे केंद्र होते आणि न्यायदान मंडळे गावातच निवाडे करीत. पुढे तासगावचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावच्या तंटामुक्त समितीपुढे मिटवायचे असेल तर दोन्ही बाजूंना मान्य असलेला जाणता माणूस निवडावा. भावकीतला नको, त्याची स्वतःची बांधाची भांडणे मध्ये येतात. ज्येष्ठांना स्वतःला दाद मागायची असेल तर १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांत कार्यालयाची नोटीस आली तर:

1. तारखेला हजर राहावे. गैरहजेरीत एकतर्फी आदेश होऊ शकतो.
2. बँकेतून पाठवलेले पैसे, दवाखान्याची बिले, औषधांच्या पावत्या आणि ती रोजची वही सोबत न्यावी. रोखीने दिलेल्या पैशाला कोणी साक्ष देत नाही.
3. तक्रार एकट्यावर असेल तर बाकीच्या भावंडांनाही पक्षकार करण्याची मागणी करावी. कलम ५ त्याला मुभा देते.
4. समेटासाठी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे गेले तर ती संधी समजावी. मान्य झालेली प्रत्येक गोष्ट, भेटीचा वार आणि गोळ्यांची जबाबदारी धरून, लेखी घ्यावी.
5. वकिलाला या कायद्यात बंदी आहे. केरळ आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ती मानली नसली, तरी स्वतः बोलण्याची तयारी ठेवावी.
6. नोकरी गेली, पीक बुडाले किंवा मोठे आजारपण आले तर कलम १० खाली रक्कम बदलून मागता येते.

जिल्हाधिकाऱ्यांकडील अपिलाची मुदत ६० दिवस आहे, पण कायद्याचे शब्द तो हक्क ज्येष्ठ नागरिक आणि आईवडिलांनाच देतात. मुलांना अपील करता येते का यावर उच्च न्यायालयांची मते वेगवेगळी आहेत. आदेश मान्य नसलेल्या मुलाने प्रत मिळताच वकिलाला दाखवून अपील की उच्च न्यायालयात रिट, हे ठरवावे आणि तोपर्यंत ठरलेली रक्कम भरत राहावे.